कामावरून मन उठतं तेव्हा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुवारच्या सत्संगानंतर प्रसाद वाटताना लोक आमच्याशी बोलतात. या बोलण्यात गेल्या काही महिन्यांत एक बदल जाणवतो आहे. पूर्वी मुलाला नोकरी लागत नाही, मुलीचं जमत नाही, घरात दुखणं आहे, असे विषय असायचे. ते आजही आहेतच. पण आता नोकरी असलेली माणसं येतात. चांगली, पक्की, महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी, आणि तरीही चेहरा उतरलेला. विचारलं की एकच उत्तर: "ताई, कामात मनच लागत नाही."

आपलं सिमरोल आता काही नुसतं खंडवा रोडवरचं गाव राहिलेलं नाही. इथे आयआयटी आहे, तिकडे महू, पलीकडे पीथमपूरचे कारखाने, आणि इंदूर तर दाराशीच. त्यामुळे सत्संगात एकाच सतरंजीवर कारखान्यातला फिटर, बँकेतली ताई, कॉम्प्युटरवर घरूनच काम करणारा मुलगा आणि हाताखाली वीस माणसं असलेला सुपरवायझर बसलेला असतो. फिटर दादा म्हणाले, "पंच मारतो, मशीन चालवतो, पंच मारून परत येतो. मधे मी असतो की नाही, कुणाला फरक पडत नाही." बँकेतल्या ताई म्हणाल्या, लोकांची कामं करायला आवडतात, पण दिवस जातो तो विम्याच्या टार्गेटमध्ये. कॉम्प्युटरवाला मुलगा काहीच बोलला नाही, त्याची आईच म्हणाली, "मिटिंग चालू असते आणि हा कॅमेरा बंद करून भिंतीकडे बघत बसतो." आणि सुपरवायझर काकांची तक्रार नेमकी उलटी: "माझी माणसं शरीरानं येतात, मनानं येत नाहीत. ओरडून पाहिलं, बक्षीस देऊन पाहिलं. काय करू?"

हे चौघं वेगवेगळं सांगत होते, पण दुखणं एकच आहे. ऑफिसच्या भाषेत याला डिसएंगेजमेंट म्हणतात. गॅलप नावाची संस्था दरवर्षी जगभरच्या नोकरदारांची पाहणी करते. 2024 च्या पाहणीत मन लावून काम करणारे निघाले 100 मधले फक्त 21. म्हणजे हे आपल्या घरातलंच काही वेगळं आहे, आपलाच मुलगा नालायक निघाला, असं कुणी मनाला लावून घेऊ नये.

आपल्याकडे मात्र यावर एकच शब्द तयार असतो: कामचुकार. नाहीतर "यांना सगळं आयतं मिळालंय ना!" हा शब्द तोंडातून निघण्याआधी आपण सगळ्यांनी गीतेचा पहिला अध्याय एकदा नीट वाचावा, असं आम्हाला वाटतं. आपण बहुतेकजण दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात करतो. पहिल्यात नुसती शंखांची आणि योद्ध्यांची नावं आहेत म्हणून पानं उलटतो. पण त्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. विषादाला ऋषींनी योग म्हटलं! कोपऱ्यात ढकलून देण्याची, लाज वाटण्याची गोष्ट नाही म्हटलं.

बघा, अर्जुन कोण होता? त्या काळातला सगळ्यात तरबेज माणूस. वर्षानुवर्षं तयारी केलेला, अस्त्रं मिळवायला तपश्चर्या केलेला. आळशी तर मुळीच नव्हता. आणि ऐन कामाच्या दिवशी, ऐन कामाच्या जागी त्याच्या हातातून गांडीव निसटतं. तोंड कोरडं पडतं, अंग थरथरतं, त्वचा जळते, उभं राहवत नाही, डोकं भ्रमल्यासारखं होतं. हे सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. शेवटी धनुष्यबाण टाकून तो रथात खाली बसतो. सोमवारी सकाळी कंपनीची बस दिसली की पोटात गोळा येतो असं सांगणारे जे आहेत ना, त्यांनी ही लक्षणं पुन्हा एकदा वाचावीत.

आता भगवंतांनी काय केलं ते पाहू. संपूर्ण पहिल्या अध्यायात भगवंत फक्त एकदा बोलतात, तेही एवढंच की, पार्था, हे जमलेले कौरव पाहा. त्यानंतर अर्जुन बोलत राहतो आणि ते ऐकतात. त्याचं सगळं निघून जाईपर्यंत ऐकतात. मधे "हो, पण" नाही. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ते थोडं रागावतात: हे भलतं काय सुचलं तुला, दुबळेपणा सोड, ऊठ. आणि इथे एक गंमत आहे जी आम्हाला कितीतरी पारायणं झाल्यावर दिसली. रागावण्याचा काही उपयोग झाला नाही! अर्जुन पुन्हा आपलं म्हणणं मांडतो, आणि शेवटी "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसतो. प्रत्यक्ष भगवंत रागावले तरी माणूस उठला नाही, मग आपल्या ओरडण्यानं कोण उठणार?

त्यानंतर भगवंत सूर बदलतात. तिथे शब्द येतो की ते जणू हसत बोलू लागले. आणि मग जो संवाद चालतो तो चालतच राहतो, अठरा अध्याय, सातशे श्लोक. युद्ध समोर उभं आहे, दोन्ही सैन्यं थांबली आहेत, आणि एका माणसाच्या मनासाठी एवढा वेळ दिला. अर्जुन मधे मधे उलट विचारतो. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो तक्रार करतो की तुम्ही एकदा ज्ञान मोठं म्हणता आणि एकदा कर्म करायला सांगता, अशा मिसळलेल्या बोलण्यानं माझी बुद्धी गोंधळते, काय ते एक नक्की सांगा. हे तर रोजचं ऑफिस झालं! सकाळी साहेब सांगतात क्वालिटी पाहा, दुपारी सांगतात आकडा पूर्ण करा. पण भगवंत "मला उलट बोलतोस?" म्हणत नाहीत. प्रश्न रास्त धरतात आणि पुन्हा समजावतात. आणि सगळ्यात शेवटी, अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर काय म्हणतात? याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल तसं कर. निर्णय अर्जुनाच्या हातात ठेवला. त्यानंतरच अर्जुन म्हणाला की माझा मोह गेला. स्वतःहून उठला, उठवला गेला नाही.

आणि हे सगळं चाललं तेव्हा भगवंत बसले कुठे होते? सारथ्याच्या जागी, म्हणजे पुढे, जिथे बाण आधी लागतो. सुपरवायझर काकांना आम्ही एवढंच सुचवलं की यावर थोडं चिंतन करा.

अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथे तामस कर्त्याची लक्षणं देताना आळशी, विषादी आणि दीर्घसूत्री असे तीन शब्द एकापाठोपाठ येतात. आळशी म्हणजे ज्याला हालायचंच नाही. विषादी म्हणजे आतून खिन्न झालेला. दीर्घसूत्री म्हणजे आजचं उद्यावर, उद्याचं परवावर ढकलणारा. एकच अर्थ असता तर तीन शब्द कशाला लागले असते? बाहेरून तिघंही सारखेच दिसतात, खुर्चीत बसलेले आणि फाईल तशीच पडलेली. पण तिघांना औषध वेगवेगळं लागतं. आळशाला थोडा धाक लागतो हे खरं. तोच धाक विषादी माणसाला घातलात तर तो आणखी खोल जातो. म्हणून आधी ओळखायचं की समोरचा कोण आहे, आणि ते ओळखायला पहिल्या अध्यायासारखं गप्प बसून ऐकावं लागतं. दुसरा रस्ता नाही.

आता थोडं शास्त्रातलं सोडून बाहेरचं. 1990 साली अमेरिकेतल्या विल्यम कान नावाच्या अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. उन्हाळी शिबिरात मुलांना सांभाळणारे शिक्षक आणि वास्तुरचनाकारांच्या एका फर्ममधले कर्मचारी, अशा दोन ठिकाणची माणसं त्यांनी पाहिली. माणूस कामात स्वतःला ओततो कधी आणि काढून घेतो कधी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना तीन गोष्टी सापडल्या. कामाला काही अर्थ आहे असं वाटलं पाहिजे. मोकळं बोललो, चुकलो तरी आपल्याला खाली पाडणार नाहीत अशी निर्भयता पाहिजे. आणि अंगात-मनात तेवढं बळ शिल्लक पाहिजे. घरी आजारी सासरे, रात्रीची जागरणं, दोन तासांचा प्रवास, यातून उरेल तेवढंच माणूस कामाला देऊ शकतो. फिटर दादांचा अर्थ हरवला होता. बँकेच्या ताईंचाही, थोड्या वेगळ्या तऱ्हेनं. त्या मुलाची निर्भयता गेली होती. पहिल्याच वर्षी सगळ्यांसमोर त्याचं हसं केलं होतं, हे त्यानं नंतर हळूच सांगितलं.

पण या सगळ्याहून मोठं उदाहरण आपल्या इंदुरातच आहे, आणि ते आपण दरवर्षी डोळ्यांनी बघतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या! रात्रभर रस्त्याच्या कडेला उभं राहून, मुलांना खांद्यावर घेऊन आपण त्या पाहिल्या आहेत. हुकुमचंद मिल, मालवा मिल, कल्याण मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल. या झांक्या गिरणीकामगारांनी उभ्या केल्या, आणि ही परंपरा शंभर वर्षांच्या घरात गेलेली आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग, हलणारे पुतळे, हजारो दिवे, मागे आखाडे, आणि कुणाचा नंबर पहिला आला याची दुसऱ्या दिवशी घरोघरी चर्चा.

आता विचार करा. या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. भोंगा थांबला, पगार थांबला, देणी अडकली. पण झांकी थांबली नाही. ज्यांच्याकडे गिरणी उरली नाही ते कामगार वर्गणी काढून, इकडून तिकडून मदत मागून, दरवर्षी गणपतीच्या आधी जमायचे, आणि त्याच गिरणीच्या नावानं झांकी बांधायचे. हजेरीपट नाही, ओव्हरटाईम नाही, बोनस नाही. वायर जोडणारा हात तोच, रंग लावणारा हात तोच.

ही गोष्ट आम्ही सत्संगात सांगितली तेव्हा फिटर दादा बराच वेळ खाली बघत होते. कारण यातून एक गोष्ट सरळ दिसते. माणसाच्या अंगातला उत्साह संपत नाही. तो जिथे "हे माझं आहे" असं वाटतं तिथे निघून जातो. झांकीत प्रत्येकाला माहीत होतं की मी लावलेला दिवा कुठे लागणार आहे, कोण बघणार आहे, आणि तो विझला तर सगळ्या मिलचं नाव जाईल. कारखान्यात दादा जो भाग घडवतात तो कुठल्या गाडीत बसतो, हे त्यांना अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी विचारलं, एवढं कळलंय. पुढे काय झालं ते तेच सांगतील.

इथे एक ताई उठून म्हणाल्या, आणि बरं झालं म्हणाल्या: "हे सगळं ठीक आहे हो, पण कर्म हीच पूजा, कर्म हीच पूजा असं सांगून मालक लोक फुकट राबवून घेतात त्याचं काय?" सत्संगात असा प्रश्न विचारायला धैर्य लागतं.

त्याचं उत्तर त्याच हुकुमचंद मिलमध्ये आहे. कामगारांची देणी तीस-एक वर्षं अडकून राहिली. कोर्टकचेऱ्या झाल्या, धरणी झाली. शेवटी 25 डिसेंबर 2023 ला इंदुरात कार्यक्रम होऊन साधारण 224 कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, सुमारे 4,800 कामगारांच्या देण्यांपोटी. टीव्हीवर आपण पाहिलंच असेल. पण या तीस वर्षांत कितीतरी कामगार वाट बघत बघत देवाघरी गेले, त्यांच्या नावचे पैसे त्यांच्या बायकांनी, मुलांनी घेतले. त्या माणसांना कुणी निष्काम कर्मयोगाचं प्रवचन द्यायला गेलं असतं तर ते अध्यात्म नव्हतं, क्रूरपणा होता. फळाची आसक्ती सोडावी, हा उपदेश भगवंतांनी काम करणाऱ्याला केला आहे. काम करवून घेणाऱ्याला "त्याचं फळ तू ठेवून घे" असं गीतेत कुठेही सांगितलेलं नाही. आमचं तर स्पष्ट मत आहे की ज्याचा पगार वेळेवर होत नाही, ज्याची सुट्टी कापली जाते, ज्याला सगळ्यांसमोर अपमान सहन करावा लागतो, त्याचं मन कामातून उठलं तर तो त्याचा दोष मानू नये. तिथे आधी हक्काचं मागायचं, शांतपणे, लेखी, चौघांना बरोबर घेऊन. नामस्मरण त्यासाठी बळ देतं. नामस्मरण त्याच्याऐवजी करायचं नसतं.

ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांच्यासाठी तर आपल्याला दूर जायची गरजच नाही. आपण अहिल्यामातेच्या राज्यात राहतो. चौंडीला 1725 साली जन्मलेली ही मुलगी, नवरा 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरे 1766 मध्ये गेले, मुलगा पुढच्याच वर्षी. विषादाला याहून मोठं कारण कुणाला असणार? आणि तरी 1767 पासून 1795 पर्यंत महेश्वरला बसून राज्य चालवलं. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1823 साली मध्य भारताविषयी पुस्तक काढलं, त्यात तिच्या दिवसाचा क्रम दिला आहे. पहाटे उठून पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, साधं जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. पुन्हा पूजा, फराळ, आणि रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. तक्रारी ती स्वतः ऐकायची. आपल्या हातातल्या अधिकाराचा प्रत्येक वापर देवाला जाब देण्यासारखा आहे, अशी तिची भावना होती असं तो लिहितो. होळकरशाहीच्या हुकुमांवर श्रीशंकराचं नाव असायचं ते उगीच नाही. मालक तो, मी कारभारीण.

माल्कमनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे जी आम्हाला फार महत्त्वाची वाटते. तिचे कारभारी आणि कमाविसदार सहसा बदलत नसत. इंदूरचा कमाविसदार वीस वर्षांहून जास्त काळ त्याच जागी होता. आजच्या कंपन्यांत दर दोन वर्षांनी माणसं पळतात आणि साहेबांना कारण कळत नाही! जिथे ऐकून घेतलं जातं, जिथे आज एक उद्या एक असं होत नाही, तिथे माणूस टिकतो. महेश्वरला विणकर आणून वसवले तेही असेच टिकले. त्या साडीच्या काठांवर विटेची, चटईची, लाटेची नक्षी असते. विणकराला विचारा, तो लगेच किल्ल्याच्या भिंतीकडे आणि नर्मदेकडे बोट दाखवतो. आपण काय विणतो आहोत हे त्याला माहीत आहे.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात जाणत्या माणसाचं काम सांगताना एक सुंदर क्रियापद आलंय: जोषयेत्. जुष् म्हणजे आवडणं, गोडी वाटणं. जाणत्यानं स्वतः नीट काम करत करत इतरांना कामाची गोडी लावावी. राबवून घ्यावं असं तिथे म्हटलेलं नाही. आणि त्याच श्लोकात आधी सांगितलंय की त्यांच्या बुद्धीत फाटाफूट करू नये. सुपरवायझर काका, हा श्लोक तुमच्यासाठीच आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवा. 😊

आता राहिली ती गोष्ट स्वतःची. साहेब चांगला असो वाईट असो, तो बदलणं आपल्या हातात नाही. मग आपण काय करायचं?

इथे नेहमी सावता महाराजांचं उदाहरण दिलं जातं. अरणचा मळा हेच त्यांचं पंढरपूर, मळ्यातच विठ्ठल. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, पण अरणला पांडुरंगाची पालखी येते. गोड आहे हे. पण खरं सांगायचं तर नोकरदाराला हे उदाहरण थोडं अपुरं पडतं. सावता महाराजांचा मळा त्यांचा स्वतःचा होता! पाणी कधी सोडायचं हे दुसरा कुणी ठरवत नव्हता. म्हणून आम्हाला नोकरीवाल्यांसाठी सेना महाराज जास्त जवळचे वाटतात. ते राजाच्या पदरी न्हावी, म्हणजे नोकरच. बोलावणं आलं की जायचं. कथा अशी की एक दिवस ते पूजेत रंगले होते, राजाकडून बोलावणं आलं, उशीर झाला, आता शिक्षा होणार, तेव्हा विठ्ठलच सेनेचं रूप घेऊन, धोकटी काखेत मारून राजाची हजामत करायला गेला.

ही कथा आपण भक्ताला देवानं वाचवलं म्हणून ऐकतो. पण दुसऱ्या बाजूनंही बघा ना. देवाला ते काम हलकं वाटलं नाही. राजाला भुलवून टाकलं असतं, दुसरा न्हावी पाठवला असता, देवाला काय अशक्य? पण त्यानं वस्तरा हातात घेतला. ज्या कामाला आपण "हे काय, असलं काय काम" म्हणतो, त्या कामाला देव स्वतः बदली कामगार म्हणून गेला. सकाळी कामावर निघताना एवढं एकच आठवावं की आज मी त्याच्या बदली जातोय किंवा तो माझ्या. बँकेच्या ताईंनी हे मनावर घेतलं. टार्गेट काही सुटलं नाही त्यांचं, पण दिवसातल्या एका माणसाचं काम, बहुतेक पेन्शनवाल्या आजी-आजोबांचं, त्या विठ्ठलाचं म्हणून करतात. दिवसाला एकच. त्या म्हणतात, घरी जाताना तेवढं एक आठवतं.

घरी असणाऱ्या ताईंना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. आपल्या कामाला ना पगार, ना प्रमोशन, ना निवृत्ती. केलेलं दिसत नाही, न केलेलं लगेच दिसतं. म्हणून घरातला माणूस कामावरून गप्प होऊन आला तर "काय झालं?" विचारण्याआधी पाणी द्यावं, आणि पाण्याबरोबर प्रश्नांची सरबत्ती देऊ नये. शर्माजींच्या मुलाचं पॅकेज तर मुळीच काढू नये.

एक गोष्ट गंभीरपणे. महाराजांनी सेवेकऱ्यांना आधीपासून सांगून ठेवलंय की शरीराच्या आणि मनाच्या आजाराला आधी डॉक्टर, बरोबर उपासना. दोन-तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, जगण्यात अर्थ नाही असे शब्द येत असतील, तर तो नुसता कामाचा कंटाळा नाही. सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, नंबर 14416, दिवसरात्र चालू असते. फोन करायला लाज कसली? अर्जुनानंही रथात बसून मदतच मागितली होती, मी गोंधळलोय, मला शिकवा म्हणून.

आणि नोकरी बदलावी का, हा प्रश्न त्या मुलाच्या आईनं अगदी कुजबुजत विचारला, जणू पाप विचारतेय. यात पाप काही नाही. फक्त विषादाच्या भरात राजीनामा लिहू नये. अर्जुनाला सुरुवातीला भिक्षा मागून खाणंही बरं वाटत होतं! मन जरा थाऱ्यावर आलं, चार माणसांशी बोलून झालं, घरच्या खर्चाचं गणित बसलं, की मग जरूर बदलावी. तो मुलगा आता दर रविवारी केंद्रात येतो, येणाऱ्यांच्या चपला नीट लावतो. कुणी सांगितलं नाही त्याला. अजून फारसा बोलत नाही, पण परवा त्यानं सत्संगाच्या यादीचा कॉम्प्युटरवर तक्ता करून दिला आणि आधीच्या तक्त्यातली बेरीज चुकलीय हे सगळ्यांसमोर सांगितलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 🙏

सूचना: पुढच्या तीन गुरुवारी नेहमीच्या वेळी गीतेचा पहिला अध्याय आणि दुसऱ्याचे पहिले अकरा श्लोक अर्थासह घ्यायचे आहेत. पोथी घरची आणावी. ज्यांची सेकंड शिफ्ट असते त्यांच्यासाठी तोच भाग रविवारी सकाळी 8 वाजता पुन्हा होईल. नाईट करून थेट येणाऱ्यांनी संकोच करू नये, चहा-पोहे असतील आणि डुलकी लागली तरी कुणी उठवणार नाही. सुपरवायझर काकांनी आपल्याबरोबर खात्यातली तीन माणसं आणतो असं सांगितलंय. सतरंज्या घालायला दोन जण लागतील, नावं केंद्राच्या ग्रुपवर कळवावीत.

आपल्या,
सिमरोल केंद्राच्या सेवेकरी भगिनी